तात्पुरती तार

१२ जानेवारी, सोमवार

क्लासने नव्या शिक्षकांना ही डायरी फुकट दिली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक वाक्य छापलंय. आजचं वाक्य : 'नाही हा शब्द विसरा.' मी मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या वर्गाला शिकवते, त्यामुळे हे वाक्य माझ्या नेमणूकपत्रातच असल्यासारखं आहे.

परवा बाबांची फेरतपासणी. सहा वर्षं अपंगत्व भत्ता मिळतोय, आणि दर तीन वर्षांनी सरकारला शंका येते की माणूस मधल्या काळात गुपचूप बरा तर झाला नाही ना. मागच्या वेळी फॉर्म आईने भरला होता. सगळीकडे नुसतं 'जमत नाही, जमत नाही'. वाचताना मलाच लाज वाटली होती. आता घरात पदवीधर आहे म्हटल्यावर फॉर्म माझ्याकडे आला. बाबा त्या दिवसापासून मला 'साहेब' म्हणतात.

मी मन लावून भरला. प्रश्न अकरावा : 'डोक्याच्या वर हात नेऊन काम करता येते का?' मी लिहिलं, 'शरीराची साथ नसली तरी जिद्दीच्या बळावर होय.' वाक्य चांगलं उतरलंय. कोऱ्या कागदावर आणखी दोनदा लिहून पाहिलं.

संध्याकाळी बाबांची तालीम घेतली. मी डॉक्टर झाले.

"चालता येतं का?"

"पन्नास पावलं. मग बसावं लागतं."

"बाबा, असं नाही. 'मी रोज चालण्याचा सराव करतो.'"

"पन्नास पावलांचा?"

"आकडा सांगायचा नाही."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मास्तरीणबाई, ते नोकरी मागायला चाललेत की भत्ता?" आईला व्यक्तिमत्त्व विकास कळत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

आजचा दिवस सोन्याचा. सविस्तर लिहिते.

अपंगत्व तपासणी कक्ष चौथ्या मजल्यावर आहे. ही जागा ज्याने निवडली त्याला विनोदाची उत्तम जाण असावी. खाली लिफ्टवर 'बंद आहे' असा पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यासमोर चाळीसेक माणसं : कुबड्या, चाकांच्या खुर्च्या, एका आजोबांना पाठीवर घेतलेला त्यांचा जावई. भिंतीवर सूचना : 'दहा वाजता चौथ्या मजल्यावर हजर नसणाऱ्यास गैरहजर समजले जाईल.' वॉचमनला विचारलं, तर त्याने आपल्या भल्यामोठ्या मिशीवरून हात फिरवत सांगितलं, "कालपासून बंद आहे. जिना आहे ना." जिना होता, हे खरंच.

एक कुबडीवाल्या मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून मोजत होत्या. "ब्याऐंशी आहेत," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी मोजल्या होत्या."

बाबा लिफ्टच्या दारापाशी गेले, कान लावला, वॉचमनला (मी त्याचं नाव मिशीच ठेवलंय) बटण दाबायला सांगितलं. मग म्हणाले, "दाराचंच आहे."

मला हे लहानपणापासून पाठ आहे. दाराच्या वर आतल्या बाजूला एक डबी असते. दार पूर्ण लागलं की डबीतल्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, आणि टेकल्या तरच लिफ्ट हलते. बाबा सव्वीस वर्षं लिफ्टचे मिस्त्री होते. ज्या लिफ्टने त्यांची कंबर मोडली तिच्या डबीत कुणीतरी पट्ट्यांऐवजी तार बांधून काम भागवलं होतं. बाबांचा एक पाय आत, एक बाहेर, दार उघडं, आणि लिफ्ट निघाली. बाबा दोन मजले खाली. त्यांच्या कंबरेत आता सळई आणि सहा स्क्रू आहेत. त्या माणसाला बाबा 'तारवाला' म्हणतात. याहून मोठी शिवी मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही.

मी मोठ्याने म्हणाले, "माझे बाबा शहरातले सगळ्यात चांगले लिफ्ट मिस्त्री आहेत." चाळीस माणसं वळून बघायला लागली. बाबांनीही माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते लिहिता येणार नाही, पण शाळेत बक्षीस घेताना मी स्टेजवरून खाली बघायचे तेव्हा ते तसेच बघायचे.

मग त्यांनी मिशीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, स्टूल मागितलं आणि चढले. हात डोक्याच्या वर. जिद्दीच्या बळावर. मी घड्याळ लावलं होतं : चार मिनिटं. कोपऱ्यात जुन्या ट्यूबलाइटची लोंबणारी तार होती, तिचा तुकडा मागितला एवढंच, बाकी काही सामानसुद्धा नाही. उतरले तेव्हा चेहरा पांढराफटक, घामाने शर्ट चिंब, डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांनी हातात हत्यार आलं, भरून आलं असणार.

लिफ्ट चालू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा स्टुलावर बसून प्रत्येक फेरीला दार स्वतः लावत होते, लावून हाताने ओढून बघत होते, लग्नाच्या मांडवात उभा असलेला वधुपिताही इतकं बघत नाही. मिशी पहिल्या फेरीबरोबरच वर गेला, त्यामुळे बाबा मला म्हणाले, "साहेब, वर खिडकीवर सांग. हे फक्त आजच्यापुरतं आहे. चार वाजता लिफ्ट बंद करा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. विसरू नको."

मी म्हटलं, "बाबा, आपलं काम आपणच कमी लेखायचं नसतं. समोरच्यावर वाईट ठसा उमटतो."

"ठसा राहू दे. सांग."

खिडकीवर सांगितलं. म्हणजे असं सांगितलं : "तुमची लिफ्ट माझ्या वडिलांनी चार मिनिटांत दुरुस्त केली आहे." खिडकीवाल्यांनी चष्मा वर करून बाबांचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं. माणसं वाईट नसतात, त्यांना फक्त चांगली बाजू दाखवावी लागते.

डॉक्टरांनी बाबांना दहा मिनिटांत मोकळं केलं. गाडीत बसताना बाबांनी विचारलं, "सांगितलंस ना?"

"हो."

२५ जानेवारी, रविवार

अकरा दिवस काही लिहिलं नाही, कारण काही घडलंच नाही. बाबा झोपून आहेत. दगदग झाली असेल. आई त्यांना कुशीवर वळवते, मोजे घालते, केस विंचरते. मी म्हटलं, "आई, सवय लावू नकोस. त्यांनी स्वतः करायला हवं." आईने कंगवा माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेली. काय बोलायचं ते बोलून टाकावं माणसाने.

विंचरताना बाबांनी विचारलं, "कंपनीचा माणूस आला असेल ना त्यांचा?"

"आला असेल, बाबा. सरकारी कचेरी आहे."

बाबा हसले. हसताना कंबर धरली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र आलं. भत्ता बंद, एक मार्चपासून. जे जमत नाही त्याचे गुण देतात; पंधरा हवे होते, बाबांना चार मिळाले.

आमच्या घरात कमी गुणांचं दुःख पहिल्यांदाच झालं. या परीक्षेत ज्याला जास्त येतं तो नापास होतो, ही पद्धत मला आधी समजायला हवी होती. एक महिन्यात अपील करता येईल, असं तळाशी बारीक अक्षरात आहे. आवाज दाबायचा नाही आणि ऐकूही जाऊ द्यायचं नाही, असं मधलं अक्षर.

बाबा म्हणाले, "चार कशाचे दिले?"

९ फेब्रुवारी, सोमवार

कचेरीत जाऊन अहवालाची प्रत मागितली. बाबांनी निघताना बजावलं, "जिन्याने जा हं." मी म्हटलं, आपल्याच हातच्या लिफ्टचा राग कशाला? ते म्हणाले, "तरी पण. व्यायाम होतो." सहा वर्षं त्यांनी कुणाला व्यायाम करायला सांगितलेलं नाही.

लिफ्टनेच गेले. झकास चालते. दार पूर्ण लागायच्या आधीच निघते, इतकी चपळ झाली आहे. बाबांचा हातगुणच तसा.

प्रत मिळवण्यासाठी अर्ज, अर्जासाठी फॉर्म, फॉर्म दुसऱ्या खिडकीत, आणि दुसरी खिडकी म्हणजे तेच खिडकीवाले काका खुर्ची सरकवून बसलेले. दोन्ही खिडक्यांत त्यांनी माझं तोंड पहिल्यांदाच पाहिल्यासारखं केलं.

अहवालात लिहिलंय : 'अर्जदार नीटनेटका, दाढी केलेला, इस्त्रीच्या कपड्यांत हजर. चालण्याचा रोज सराव करतो. अर्जदाराने तपासणीच्या दिवशी कार्यालयाची लिफ्ट स्टुलावर चढून, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, चार मिनिटांत दुरुस्त केली (कन्येने कळवल्यानुसार). अर्जात स्वतःच "जिद्दीच्या बळावर होय" असे नमूद. व्यवसायात परत जाण्यास सक्षम.'

बसच्या थांब्यावर तीनदा वाचलं. अहवालात डॉक्टरांचं स्वतःचं वाक्य एकच आहे, शेवटचं. बाकी सगळा मजकूर माझा, इस्त्रीसकट.

घरी सांगितलं, "तांत्रिक गैरसमज झाला आहे." बाबांनी अहवाल मागितला. मी म्हटलं, अजून मिळायचाय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

अपील लिहिलं. नऊ पानं. माणसाची प्रतिष्ठा, राज्यसंस्थेचं कर्तव्य, श्रमाचं मूल्य. आई-बाबांना वाचून दाखवलं. आई एक मार्चपासून लाँड्रीत घड्या घालायच्या कामाला जाणार आहे, ती पायाच्या टाचेला तेल चोळत ऐकत होती. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून विचारलं, "चांगलं आहे. यात मी कुठल्या पानावर आहे?"

"सगळीकडे तुम्हीच आहात, बाबा."

आई म्हणाली, "कागद घे. मी सांगते ते लिही. सकाळी पलंगावरून उठायला वीस मिनिटं. मोजे मी घालते. आंघोळीला स्टूल. संडासात भिंतीला दांडा बसवलाय, तो धरूनही एखाद्या दिवशी हाक मारतात."

"बास," बाबा म्हणाले.

"का बास? हेच विचारतात ते."

"तिच्यासमोर नको."

"तिच्यासमोरच झालंय सगळं. तिला दिसत नाही तो भाग वेगळा."

बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. मी आईचं म्हणणं लिहून घेतलं, अर्धं पान भरलं. नऊ पानांच्या मागे जोडलं, परिशिष्ट म्हणून.

अहवाल त्यांना आजच दाखवला. त्यांनी 'कन्येने कळवल्यानुसार' वर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "आणि बाकीचं? कंपनीला बोलवायचं? ते सांगितलंस ना?"

एवढं सगळं समोर असताना या माणसाला लिफ्टची काळजी. माझा चढलेला पारा आवाजात उतरला. "हो म्हटलं ना बाबा, सांगितलं."

१५ मार्च, रविवार

सुनावणीची तारीख आली. एकवीस एप्रिल, सकाळी अकरा, चौथा मजला. तीन जणांचं मंडळ. सोबत सूचना : 'अर्जदाराने आपली असमर्थता सिद्ध करण्यासाठी वेळेवर स्वतः उपस्थित राहावे.'

व्यायाम करून घेणाऱ्या ताई आता येत नाहीत. भत्त्यातूनच त्यांचं भागत होतं. शेजारच्या काकांनी बाबांसाठी काम आणलंय, गोदामाबाहेर बारा तास खुर्चीत बसायचं. "बसायचंच तर आहे," ते म्हणाले. बाबांना सलग वीस मिनिटं बसता येतं. हे मी घड्याळ लावून पाहिलं, कोणाला न सांगता. या महिन्यात मी पुष्कळ गोष्टी घड्याळ लावून पाहिल्या. आईचं अर्धं पान थोडं कमीच होतं.

नऊ पानं परत मागवता येतील का विचारायला हवं.

२० एप्रिल, सोमवार

उद्या सुनावणी. दुपारी बाबांच्या शर्टाला इस्त्री करायला घेतली आणि थांबले. चुरगळलेला शर्ट घालावा का? त्यांना दाढी करू द्यावी का? प्रामाणिक माणसाने प्रामाणिक दिसण्यासाठी काय करावं, हे आमच्या अभ्यासक्रमात नाही. शेवटी बाबांनीच इस्त्री करायला सांगितलं. "लिफ्टवाला मळका गेला तर लोक लिफ्टमध्ये चढत नाहीत."

त्यांचं मन रमावं म्हणून मी म्हटलं, "तुमची लिफ्ट बघाल उद्या. तीन महिन्यांत कुणी हातसुद्धा लावलेला नाही, इतकी छान चालते. मिशी तर म्हणत होता, तुमच्या वडिलांनी केली तेव्हापासून कंपनीला एक फोन नाही."

बाबा पलंगावर टेकून बसले होते. "एकही नाही?"

"एकही नाही."

"चौदा जानेवारीपासून?"

"हो ना."

ते कंबर धरून सरळ बसले. मग म्हणाले, "दार लागायच्या आधी निघते का गं ती? खालच्या मजल्यावर?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तू बसली होतीस?"

"दोन-तीनदा."

बाबांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, काहीतरी मोजत असावेत. मग मला पलंगाखालची हत्यारांची पिशवी काढायला लावली. सहा वर्षांची धूळ. स्क्रूड्रायव्हर पुसून खिशात ठेवला. मला गलबलून आलं, सुनावणीला आपल्या कामाची खूण बरोबर नेत आहेत. खिशाबाहेर दिसणार नाही असा ठेवा, असं सुचवलं, मंडळाचा पुन्हा गैरसमज नको.

"सकाळी आठला निघू," ते म्हणाले.

"अकराची वेळ आहे, बाबा."

"आठला."

इस्त्री फिरवता फिरवता माझा हात मधेच थांबला. तार. त्यांनी ट्यूबलाइटच्या तारेचा तुकडा मागितला होता.

शर्टावर तपकिरी डाग पडला. आतल्या बाजूला आहे, दिसणार नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

सगळं जसं झालं तसं लिहिते. आज पानावरचं वाक्य मी खोडून टाकलं.

गाडीत मी बोलायला तोंड उघडलं, बाबा म्हणाले, "आधी पोहोचू दे."

साडेआठला पोहोचलो. कचेरीत मिशीशिवाय कुणी नव्हतं. बाबांनी त्याच्याकडून खुर्ची मागून घेतली, लिफ्टच्या दारासमोर ठेवली आणि तिच्यात बसले.

"लिफ्ट बंद," ते म्हणाले.

मिशी हसला. "अहो, तुम्हीच तर चालू केलीत."

"म्हणूनच सांगतोय. मेन स्विच पाड."

"साहेबांचा हुकूम लागतो, मिस्त्री. माझी नोकरी जाईल."

"मग मी इथंच बसतो."

नऊपासून माणसं यायला लागली. खिडकीवाले काका आले, म्हणाले, "बाजूला व्हा." बाबा म्हणाले, "जिना आहे ना." तपासणीवाले डॉक्टर आले, घड्याळ बघत, आणि बाबांना ओळखून म्हणाले, "तुम्ही? छान बसलेले दिसताय." दर वीस मिनिटांनी बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उठायचे, दाराला पाठ लावून उभे राहायचे, पुन्हा बसायचे. डॉक्टर जिन्याने गेले. पायऱ्या चढताना त्यांचा श्वास आम्हाला दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आला.

साडेदहाला त्या कुबडीवाल्या मावशी आल्या. त्यांचाही भत्ता बंद झाला होता, त्यांचंही अपील होतं. "अहो मिस्त्रीदादा," त्या म्हणाल्या, "ब्याऐंशी पायऱ्या आहेत हो."

"माहीत आहे, ताई. तुम्ही पण बसा."

मी वर पळत गेले. खिडकीवर सांगितलं की बाबा खाली आहेत, वर येऊ शकत नाहीत.

"लिफ्ट चालू आहे," काका म्हणाले.

"ते लिफ्टमध्ये बसणार नाहीत."

"मग जिन्याने या म्हणावं."

"जिन्याने आले तर तुम्ही लिहाल, ब्याऐंशी पायऱ्या चढले."

"ते मंडळ ठरवेल. अकरानंतर गैरहजर." ते थोडं हळू बोलले, "पोरी, त्यांना समजाव. एक तर ते येऊ शकतात, नाही तर येत नाहीत. तिसरा रकाना नाही माझ्याकडे."

मी मंडळाच्या खोलीचं दार न विचारता ढकललं. आत अध्यक्षबाई पाण्याचा पेला झाकत होत्या, निवृत्तीला आलेल्या असाव्यात. माझ्या वर्गात मी शिकवते : स्मितहास्य, नमस्कार, आधी विषयाची मांडणी. मी म्हणाले, "खाली या. तुमची लिफ्ट माणूस मारेल."

त्या आल्या. गुडघे धरत, कठड्याला टेकत, पण आल्या. मागून डॉक्टर, तिसरे सदस्य, खिडकीवाले काका. तोपर्यंत खाली तीसेक माणसं जमली होती.

बाबा उठले. मिशीला म्हणाले, "आत जा. आतली जाळी लाव. हे बाहेरचं दार मी उघडंच धरतो. पहिल्या मजल्याचं बटण दाब."

"बाहेरचं दार उघडं असताना ती हलत नाही," खिडकीवाले म्हणाले.

"हलायला नको," बाबा म्हणाले.

मिशीने बटण दाबलं. लिफ्ट वर निघून गेली. दार उघडं होतं आणि दारात काही नव्हतं. खाली खड्डा, तेलाचा वास, तळाशी कुणाची तरी चप्पल. कुबडीवाल्या मावशी बघायला पुढे सरकल्या होत्या. बाबांनी त्यांच्याकडे न बघता एक हात आडवा केला. दुसऱ्या हाताने दार धरलेलं होतं. तसेच उभे राहिले, आणि मी पाहिलं, त्यांचे पाय थरथरत होते, पायजम्याच्या कापडातूनही कळत होतं. याआधीही थरथरत असतील.

"डबीत तार आहे," ते म्हणाले. "चौदा जानेवारीला मी बांधली. माझी कंबर ज्याने मोडली त्याला मी सहा वर्षं शिव्या देतोय. त्याने केलं तेच मी केलं."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही जाणकार आहात. नीट का केलं नाही?"

"नीट करायला पट्ट्या काढून घासाव्या लागतात, स्प्रिंग बदलावी लागते. पाऊण तास, हात वर धरून. माझे हात चार मिनिटं वर राहिले. पाचवं मिनिट माझ्याकडे नव्हतं, बाई. लोकांना दहाच्या आत वर पोहोचायचं होतं. तार बांधली."

"आणि हे कुणाला कळवलं नाही?"

मी म्हणाले, "बाबांनी मला—"

"तू गप्प," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. मग मंडळाला म्हणाले, "तार बांधणाऱ्याने निरोपावर विसंबायचं नसतं. तारेपाशी थांबायचं असतं. मला थांबता आलं नाही. मी अकरा दिवस पडून होतो."

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी मला सांगायला सांगितलं होतं, कंपनीला बोलवा. मी खिडकीवर सांगितलं, चार मिनिटांत दुरुस्त केली. निरोपातला तेवढाच भाग मला आवडला होता."

खिडकीवाल्या काकांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टर खड्ड्याकडे बघत होते. ते तीन महिने रोज दोनदा त्या दारातून गेले होते, आणि त्यांच्या अहवालात ती दुरुस्ती सक्षमतेचा पुरावा होती.

बाबांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आता तुम्ही चढू नका." तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात दिला. मिशी पहिल्या मजल्यावर लिफ्टमधून उतरून जिन्याने खाली आला आणि त्याने मेन स्विच पाडला, बाबांनी दोनदा खात्री करून घेतली. मग मी स्टुलावर चढले. बाबा खालून सांगत होते, कुठला स्क्रू, कुठे बोट लावायचं नाही. साधा तारेचा तुकडा, बोटभर. तो काढेपर्यंत माझे खांदे भरून आले. तीन मिनिटं झाली असतील.

उरलेली सुनावणी वॉचमनच्या टेबलावर झाली. कुबडीवाल्या मावशींचीही. अध्यक्षबाईंनी आमच्या अपिलातली पहिली नऊ पानं उलटून बाजूला ठेवली आणि आईचं अर्धं पान वाचलं. वाचून झाल्यावर बाबांना एकच विचारलं : "हे बरोबर आहे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मोजे घालायचं राहिलं असेल तर ते पण लिहा."

२३ एप्रिल, गुरुवार

बाबा झोपून. सकाळी मोजे मी घातले. डावा पाय आधी घ्यायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. आई दारातून बघत होती. चहा ठेवून लाँड्रीत गेली.

क्लासमध्ये एका मुलाने विचारलं, "मॅडम, एखादी गोष्ट येत नसेल तर काय सांगायचं?" मी म्हटलं, येत नाही म्हणून सांगायचं. संचालकांनी संध्याकाळी बोलावून घेतलं आणि विचारलं, मला बरं वाटतंय ना.

१९ मे, मंगळवार

दोन पाकिटं आली, दोन्ही त्याच कचेरीतून, एकाच दिवशी. एकमेकांशी बोलली असण्याची शक्यता कमी आहे.

पहिलं : अपील मंजूर, भत्ता मागच्या तारखेपासून पुन्हा चालू. कारण : 'अर्जदाराने प्रत्यक्ष केलेले काम अपूर्ण व निकृष्ट असल्याचे मंडळाने स्वतः पाहिले आहे.' दुसरं : शासकीय लिफ्टमध्ये विनापरवाना व निकृष्ट दुरुस्ती केल्याबद्दल खुलासा पंधरा दिवसांत सादर करावा.

आई म्हणाली, "एका शब्दाचा भत्ता, त्याच शब्दाची नोटीस. काटकसर आहे."

बाबांनी पहिलं पत्र मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा 'निकृष्ट' आल्यावर मी आवाज खाली घेतला. ते म्हणाले, "मोठ्याने वाच. खरं लिहिलंय." सव्वीस वर्षांत हा शब्द त्यांच्या कामाला कुणी लावला नव्हता. घरात पैसे येणार म्हणून मी आनंदात होते, आणि ते खिडकीतून बाहेर बघत होते. ती तार त्यांच्या उशाशी काचेच्या बरणीत आहे. फेकू का विचारलं तर नको म्हणाले.

खुलासा त्यांनी सांगितला, मी लिहिला. दोन ओळी. 'तार मी बांधली. काम वाईट होतं.' मी 'परिस्थितीवश' घालू का विचारलं. त्यांनी नुसतं पाहिलं. नाही घातलं.

पहिल्या पाकिटात आणखी एक कागद होता : पुढच्या फेरतपासणीचा फॉर्म. तीन वर्षं आहेत, पण आधीच भरून ठेवावा अशी विनंती आहे. कचेरीला आमची आठवण येणार असं दिसतं. चहा झाल्यावर बसलो. आईही बसली.

प्रश्न अकरावा. मी वाचला.

"किती वेळ, बाबा?"

"तूच सांग, साहेब. घड्याळ तू लावलं होतंस."

मी लिहिलं : चार मिनिटं. त्यानंतर अकरा दिवस झोपून.

रकान्यात पुष्कळ जागा उरली. तशीच ठेवली.